खिळ्यावरचा फर्मा

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मला प्राचीन ग्रीक माणसं भेटली, आणि तीही उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यात, कटिंगच्या टेबलाला टेकून डबा खाताना. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो. हसू दे. मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की घास घशात अडकला आणि बाबांना माझ्या पाठीत थापा माराव्या लागल्या.

नावांचं आधीच सांगून टाकते. इथे एकही नाव येणार नाही, कारण ती ग्रीक नावं बाबांच्या जिभेवर कधी बसलीच नाहीत. दुसऱ्याच आठवड्यापासून त्यांनी एकेकाचं बारसं करायला घेतलं. भर बाजारात बिनचपलेचा फिरून लोकांना प्रश्न विचारणारा, तो 'अनवाणी'. त्याचा शिष्य तरुणपणी कुस्ती खेळायचा म्हणतात, म्हणून तो 'पैलवान'. आणि पैलवानाचा शिष्य वैद्याच्या घरातला, तो 'डॉक्टरचा पोर'. मलाही पुढे तीच सवय लागली. एकदा सराव परीक्षेत मी 'पैलवानाच्या मते' असं लिहून गेले आणि पेपर देण्याआधी खोडताना मला घाम फुटला.

बाबा त्या कारखान्यात कटिंग मास्टर. मूळचे आम्ही चामटोलीचे. घरची भातशेती भावाभावांत वाटून इतकी थोडी उरली की बाबा विशीतच उल्हासनगरला आले आणि एका म्हाताऱ्या सिंधी मास्टरच्या हाताखाली कात्री धरायला शिकले. मी त्याच कारखान्यात चेकिंगला. शिवून आलेली पँट उलटीसुलटी करून बघायची, दोरे कापायचे, खोट दिसली की खडूची फुली मारायची. लग्न केलं नाही, त्याची कारणं बरीच आहेत आणि त्यातलं एकही सांगण्यासारखं नाही. बी.ए. आईच्या आजारपणात सुटलं होतं, ते पुढे बाहेरून पूर्ण केलं, आणि मग एका वर्षी एम.ए.चा फॉर्म भरला. विषय तत्त्वज्ञान. खरं सांगायचं तर त्या एकाच खिडकीपुढे रांग नव्हती.

याचा उपयोग काय, असं आमच्या चाळीतल्या प्रत्येक बाईने मला विचारलं. गाइडमध्येसुद्धा शेवटचा प्रश्न तोच होता: ग्रीक तत्त्वज्ञानाचे आजच्या काळातील महत्त्व स्पष्ट करा. खाली आठ मुद्दे, पाठ करायला सोपे. मी ते दोनदा वाचले आणि मला काही महत्त्व पटलं नाही.

वर्ग रविवारी सकाळी अंबरनाथला एका शाळेत भरायचा. बाकं चौथीच्या मुलांची, त्यामुळे आम्ही सगळे गुडघे पोटाशी घेऊन तत्त्वज्ञान शिकलो. शिकवणारे सर तिथल्याच एका रसायनांच्या कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, राहायला सोनिवलीच्या नव्या इमारतीत. ग्रीक लोक त्यांनी स्वतःच्या हौसेने वाचलेले. त्यांची पद्धत मला पहिल्या दिवशी अजिबात आवडली नाही, कारण ते उत्तर सांगायचेच नाहीत. न्याय म्हणजे काय ते लिहून द्या, असं मी म्हटलं तर म्हणाले, तुम्हीच सांगा. मी ठसक्यात सांगितलं. त्यावर त्यांनी एक प्रश्न विचारला, मग आणखी एक, आणि पाचव्या प्रश्नाला मी माझ्याच पहिल्या उत्तराच्या उलट बोलत होते. वर्ग हसला. माझा पारा चढला. शेअर रिक्षात बसून मी सरांच्या नावाने बोटं मोडत होते, आणि आमचं बदलापूर येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की मी अजून त्याच प्रश्नाशी झटापट करते आहे आणि मला भयंकर मजा येते आहे.

तेव्हापासून सोमवारी डब्याच्या वेळेला रविवारचं सगळं बाबांवर ओतायचं, हा माझा नेम झाला. बाबांचं शिक्षण चौथीपर्यंत. सही सोडून ते काही लिहीत नाहीत. अनवाणी म्हाताऱ्याने आयुष्यात एक ओळही लिहिली नाही, हे कळल्याबरोबर तो बाबांना एकदम घरचा वाटायला लागला. त्याची आई सुईण होती आणि तो म्हणायचा की मीही सुईणीचंच काम करतो, माणसाच्या आत असलेलं बाहेर काढतो, हे ऐकून तर ते मांडीवर हात मारून हसले. मग मी त्याच्या शेवटाचं सांगितलं. तुरुंगातून पळून जायची सोय झालेली असताना तो पळाला नाही, विषाचा पेला प्याला. बाबांनी भाकरी खाली ठेवली. मग म्हणाले की त्याचे तळपाय बघायला मिळायला हवे होते. का, ते मी विचारलं नाही.

आणि मग आला पैलवानाचा सोमवार. मी सांगत होते की जगात गोल वस्तू हजार असतात, भाकरी गोल, बांगडी गोल, पण तंतोतंत गोल एकही नसते. पैलवान म्हणतो, तो तंतोतंत गोल दुसरीकडे कुठेतरी असतो, आणि इथल्या सगळ्या वस्तू म्हणजे त्याच्या नकला. हे सांगताना मला स्वतःला ते नीट पटलेलं नव्हतं. दुसरीकडे म्हणजे कुठे? हवेत? बाबांनी हातातल्या भाकरीच्या तुकड्याने भिंतीकडे दाखवलं.

"मंग त्यो खिल्यावरचा काय हाय?"

तेव्हा लागला मला तो ठसका. खिळ्यावर फर्मा टांगलेला होता.

फर्मा म्हणजे पँटच्या भागांचा पुठ्ठ्याचा साचा. पुढचा पाय, मागचा पाय, खिसा, असे वेगवेगळे तुकडे, भोक पाडून एका सुतळीत ओवलेले. कटिंगच्या लांब टेबलावर डेनिमचे थर एकावर एक पसरायचे, वर फर्मे मांडून कडेकडेने खडू फिरवायचा, आणि मग उभ्या पात्याच्या मशीनने सगळे थर एकदम कापायचे. वर जी चूक झाली ती पार तळापर्यंत जाते. रोजच्या वापराचे फर्मे झिजतात, कोपरे दुमडतात, म्हणून सारखे नवे काढावे लागतात. त्याला बाबांचा एकच कायदा होता: नवा फर्मा खिळ्यावरच्या मूळ फर्म्यावरूनच काढायचा, टेबलावरच्या फर्म्यावरून कधीही नाही. कारण पेन फिरतं ते कडेच्या बाहेरून, आणि रेघेच्या जाडीइतका नवा फर्मा मोठा होतो. एका रेघेचा अंदाज बाबांनी मूळ फर्म्यातच धरलेला होता. पण नकलेवरून नक्कल काढली की दुसरी रेघ वाढते, तिच्यावरून काढली की तिसरी.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं अख्खं म्हणणं आमच्या भिंतीवर सुतळीला लोंबकळत होतं आणि मी रोज त्याच्याखाली बसून डबा खात होते! मी उठून नाचायचीच बाकी होते. बाबांना म्हटलं, तुम्ही पैलवानाच्या तालमीतले. त्यांना ते आवडलं, पण लगेच त्यांनी मान हलवली. खिळ्यावरचा फर्मा म्हणजे काही देव नाही, म्हणाले. हे कापड धुतलं की आटतं, आणि प्रत्येक रोलचं आटणं वेगळं. म्हणून ते आधी प्रत्येक रोलचा हातभर तुकडा कापून धुऊन, वाळवून, मोजून बघत आणि मगच त्या लॉटचा फर्मा कुठे किती वाढवायचा ते ठरवत.

"एवरा शिकलेला मानूस, आनि कापडाला इचारलं नाय?"

पुढच्या रविवारी सरांनी डॉक्टरच्या पोराचं शिकवायला घेतलं आणि मला बाकावर बसवेना. त्याचं म्हणणं हेच होतं! आकार वस्तूबाहेर कुठेतरी लटकत नाही, तो वस्तूतच असतो, वस्तूकडे बघूनच शोधावा लागतो. सोमवारी मी कारखान्याच्या जिन्यावरूनच ओरडत वर गेले. बाबांना आपलं बरोबर आल्याचं विशेष काही वाटलं नाही. त्यांना धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. हा पोर पैलवानाकडे वीस वर्षं शिकला आणि त्याने गुरूची चूक काढली? तोंडावर? बाबांनी आपल्या सिंधी मास्टरसमोर कधी मान वर केली नव्हती. मी म्हटलं, गुरूवर त्याचा जीव होता, म्हणूनच काढली असेल. बाबा म्हणाले, यावर विचार करावा लागेल. आणि खरंच ते दोन दिवस त्याच विचारात होते.

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा काळ होता, आणि त्याच काळात मी ती चूक केली.

बाबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. बदलापूरला ऑपरेशन झालं, काही दिवस ते घरी होते. सणासुदीचा मोठा लॉट यायचा होता आणि ते परतले की लगेच कापायला घेता यावा म्हणून फर्मे मी काढून ठेवले. गेली दोन-तीन वर्षं ते काम मीच करत होते. बाबा परत आले, हिरवी पट्टी काढून, काळा चष्मा लावून, आणि त्यांनी एकट्याने तो लॉट कापला. हाताला सवय राहिली पाहिजे म्हणाले.

पँटी शिवून आल्या तशा माझ्या हाताखालून जाऊ लागल्या आणि मी फुल्या मारत सुटले. पट्ट्याखाली चुण्या. एका पँटला नाही, सगळ्यांना. कमरेचा पट्टा टेपने मोजून वेगळा कापतात, तो बरोबर होता. खालचं अंग त्यापेक्षा मोठं भरत होतं, काहींचं थोडं, काहींचं जवळजवळ इंचाने, आणि कारागिरांनी ते ओढूनताणून पट्ट्यात बसवलेलं होतं. कुणीही बघितलं तरी एकच गोष्ट डोक्यात यावी: मास्टरचा हात रेघेबाहेर गेला. त्यांना रेघ दिसलीच नाही.

आमचे शेठ सिंधी, स्वभावाने तापट. एरवी एक बटण वाकडं लागलं तर ते खाली दुकानापर्यंत ऐकू जाईल असं ओरडतात. त्या दिवशी ते ओरडले नाहीत. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "मास्टर, अब आराम करो." सगळा कारखाना खाली मान घालून मशीन चालवत होता. बाबांनी आपली मोठी कात्री फडक्यात गुंडाळली, पिशवीत घातली आणि ते जिना उतरून गेले. ती कात्री त्यांनी याआधी कधी घरी आणली नव्हती.

घरी ते पायरीवर बसून राहायचे. बोलायचे कमी. मध्येच उजव्या हाताची बोटं उघडून बघायचे, मिटायचे, परत उघडायचे. मी समजूत घातली की डोळा बरा होईल. ते म्हणाले की डोळ्याचं त्यांना काही नाही, ते निम्मं काम हातानेच करतात. हात चुकला याचं वाईट वाटतं. मला रडू आलं आणि मी भांडी घासायला उठले. चाळीस वर्षांच्या हातावर त्यांचा स्वतःचाच विश्वास उडाला होता, आणि तो उडालेला बघणं मला सहन होत नव्हतं.

त्या रविवारी मी वर्गाला गेले ती केवळ घरात बसवत नव्हतं म्हणून. सर पैलवानाकडेच परत आले होते. खाटेची मूळ कल्पना एक, तिच्याकडे बघून सुताराने बनवलेली खाट ही दुसरी, आणि त्या खाटेकडे बघून चित्रकाराने काढलेलं चित्र ते तिसरं, सत्यापासून सगळ्यात लांब. कुणाला उदाहरण सुचतंय का, असं सरांनी विचारलं आणि माझा हात आपोआप वर गेला. मी फळ्यापाशी जाऊन खडूने फर्मा काढला. सगळं दुःख विसरून मी सुटले. खिळा, सुतळी, टेबल, बाबांचा कायदा. वर्ग खूश, सर तर माझ्याहून खूश. त्यांनी विचारलं, मग नकलेवरून नक्कल काढली तर किती फरक पडतो? मी म्हटलं, रेघेइतका. प्रत्येक वेळी रेघेइतका, आणि दोन्ही कडांना, आणि पँटला चार तुकडे, म्हणजे कमरेला आठ रेघा, आणि तीनदा तसं झालं तर...

मी तिथेच थांबले. खडू हातात होता. सरांनी विचारलं, पुढे? मी खडू ठेवून बाकावर जाऊन बसले.

मला ती दुपार आठवली होती. फर्मे काढण्याच्या दिवशी नव्या मालाचे रोल भिंतीला लावून छतापर्यंत रचलेले होते आणि खिळा त्यांच्या मागे गेला होता. रोल हलवायचे म्हणजे दोन माणसं बोलवा, कटकट करा. टेबलावर कालचाच फर्मा पडला होता, कोरा करकरीत. मी त्याच्यावरून काढला. तो कालचा फर्मा एकजण दुसऱ्या टेबलाला घेऊन गेला, म्हणून मी काढलेल्या नकलेवरून पुढचा काढला, आणि त्याच्यावरून आणखी एक. जाड मार्करने. आणि हे सगळं करताना माझ्या कानात इयरफोन होते आणि मी सरांचं मोबाइलवर भरून घेतलेलं व्याख्यान ऐकत होते. विषय: मूळ आणि नक्कल. किती रंगून ऐकत होते मी!

सोमवारी मी रोल बाजूला करवून घेतले आणि कारखान्यात कुणी नसताना मूळ फर्मा काढून माझे फर्मे त्याच्यावर ठेवून बघितले. चारी बाजूंनी माझा पुठ्ठा बाहेर डोकावत होता. तिसरा फर्मा तर उघड्या डोळ्यांनी मोठा दिसत होता. बाबांनी रेघ सोडलेली नव्हती. ज्या रेघेवर मी त्यांना चालायला लावलं, त्याच रेघेवर ते चालले होते.

आता मी शेठकडे धावत गेले असं लिहायला मला आवडलं असतं. गेले नाही. मी ते फर्मे दुमडून माझ्या पिशवीत घातले. शेठ मला रविवार देत होते, परीक्षेची सुट्टी देणार होते, ते सगळं बाबांच्या शब्दावर. परीक्षा झाल्यावर सांगू, असं मी ठरवलं. त्याला मी मनात चांगली भारदस्त कारणंही दिली. तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला स्वतःच्या भ्याडपणासाठी उत्तम भाषा मिळते, हे मला तेव्हा कळलं आणि मला माझी शिसारी आली.

संध्याकाळी बाबांनी पायरीवरूनच विचारलं की काल सरांनी काय शिकवलं. कारखाना सुटल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच हे विचारलं होतं. मी खाट, सुतार, चित्र असं थोडक्यात उरकलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, म्हणजे आपल्या फर्म्यासारखंच. मी म्हटलं, हो. वर्गातल्या लोकांना फर्म्याचं सांगितलंस का, असं विचारलं. हो. मग सर काय म्हणाले? मी सांगितलं की सरांनी विचारलं, नकलेवरून नक्कल काढली तर किती वाढतं. बाबा हाताची बोटं उघडून बघत होते. ती तशीच राहिली.

"त्या लॉटचे फर्मे तू कशावरनं काढले व्हते, बाय?"

मी उठून आत जायला निघाले. त्यांनी आवाज चढवला नाही. तोच प्रश्न पुन्हा विचारला. जिने अनवाणी म्हाताऱ्याच्या गोष्टी त्यांना सांगितल्या होत्या, तिलाच आता ते त्याच्यासारखे प्रश्न विचारत होते, आणि मला पळायला जागा नव्हती.

"टेबलावरच्या," मी म्हटलं. आणि मग पिशवी आणून ते तिन्ही फर्मे त्यांच्या मांडीवर ठेवले.

बाबांनी चष्मा काढला. डोळे मिटले. एकेका फर्म्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, आणि त्यांना पायरीवर ओळीने मांडलं. पहिला, दुसरा, तिसरा. अगदी ज्या क्रमाने मी ते काढले होते त्याच क्रमाने.

"मी हे मोजले नाय," ते म्हणाले. "कोनाचा बी फर्मा मी मोजल्याबिगर लावत नाय. हे तू काढलेले, म्हनून मोजले नाय."

मला वाटलं, ते आता मला मारतील तर बरं. पण त्यांचा चेहरा बदलत होता. ते स्वतःच्या हाताकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावर हळूहळू असं हसू पसरत होतं की मला आधी भीतीच वाटली. हात बरोबर आहे, म्हणाले. एकदा म्हणाले, मग परत म्हणाले. इंचभर वाढलेल्या फर्म्याबरहुकूम इंचभर वाढलेलं कापलं, सुतभर इकडेतिकडे नाही, एका डोळ्याने! शेजारच्या काकूंना हाक मारून त्यांनी हे सांगितलं. काकूंना काही कळलं नाही, पण त्यांनी साखर आणून दिली. आणि साखर तोंडात असतानाच बाबांना राग आला. फर्म्यावरून फर्मा काढला म्हणून त्यांनी मला जे फैलावर घेतलं ते जेवणं होईपर्यंत चाललं होतं. इतक्या आनंदाने मी कधी बोलणी खाल्ली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गेलो. सगळे कारागीर आलेले होते. शेठनी बाबांना बघितलं आणि ते खुर्चीतून उठले. मी फर्मे टेबलावर ठेवले, खिळ्यावरचा मूळ फर्मा त्यांच्यावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, कारण बाबांची मान सगळ्यांसमोर खाली गेली होती.

"शेठ, मास्टर का हाथ बराबर है. गलती मेरी है."

त्यानंतर शेठ ओरडले. खाली दुकानापर्यंत गेलं असेल. कानात इयरफोन घालून काम करते, शिकून डोकं फिरलंय, आणि त्या वेळी मला त्यातलं एक अक्षरही खोटं वाटलं नाही. सगळा लॉट मी उसवायचा, असं ठरलं. पट्टा सोडवायचा, मागची शिवण आत घ्यायची, पट्टा परत बसवायचा. किती दिवस लागतील त्याला त्यांचा इलाज नव्हता. आणि आजपासून फर्म्याला हात लावायचा नाही. मग ते बाबांकडे वळले, आवाज खाली आला, आणि म्हणाले की मास्टर, उद्यापासून या. बाबांनी पिशवीतून फडकं काढलं, कात्री सोडवून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "कल क्यूं? अभी. और फर्मा यही निकालेगी."

शेठ परत खुर्चीत जाऊन बसले. आमच्याकडे त्याचा अर्थ हो असा होतो.

परीक्षा पुढे झाली. शेवटचा प्रश्न अर्थातच तोच आला, आजच्या काळातील महत्त्व. मी गाइडमधले आठ मुद्दे लिहिले नाहीत. खिळ्याला टांगलेल्या पुठ्ठ्याबद्दल चार पानं लिहिली, कापडाला आधी विचारावं लागतं हेही लिहिलं, आणि पैलवानाला पैलवान न म्हणण्याची काळजी घेतली. गुण बेताचेच पडले. सर म्हणाले, तपासणाऱ्याने कधी पँट शिवलेली नसणार. पण मला सांगायची आहे ती त्याच्या आधीची, ती उसवण्याचं काम संपल्यानंतरची पहिली सकाळ.

नवा माल आला होता. बाबांनी तुकडा धुऊन, वाळवून, मोजून ठेवलेला. मी दोन माणसं बोलावून रोल बाजूला करवून घेतले, स्टूल ओढलं, खिळ्यावरचा फर्मा उतरवला. बारीक टोकाचं पेन घेतलं. कान मोकळे. पुठ्ठ्यावर कडेकडेने रेघ काढली, कापली, आणि नवा फर्मा बाबांसमोर टेबलावर ठेवला. त्यांनी फर्मा उचलला, थरांवर ठेवला आणि खडू हातात घेतला.

मी त्यांच्या गळ्यातली टेप काढून पुढे धरली.

"बाबा, मोजा."

"कशाला? तू काढला ना?"

"म्हणूनच मोजा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टेप घेतली आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत मोजायला लागले. कमर, मांडी, गुडघा, खाली पायाची मोहरी. घाई केली नाही. मी बाजूला उभी होते. शेवटी त्यांनी टेप गळ्यात टाकली, मला जरा सरकायला सांगितलं आणि मशीन सुरू केलं.